काचेच्या घराण्यांचे वारस

गोव्याच्या माणसाला घराणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघींनी अल्लादिया खाँसाहेबांची गायकी घेतली आणि जयपूर घराण्याचे नाव गोमंतकाच्या नावाशी कायमचे जोडले गेले. गंमत अशी की 'घराणे' या शब्दात घर आहे, पण या दोघी खाँसाहेबांच्या घरातल्या नव्हत्या. ना रक्ताचे नाते, ना धर्माचे. मोगूबाईंनी ते गाणे पुढे आपल्या मुलीला, किशोरीताई आमोणकरांना दिले. केसरबाईंनी मात्र फारसे कुणाला दिले नाही. पुष्कळ उशिरा धोंडूताई कुलकर्णी त्यांच्या शिष्या झाल्या, आणि त्या कोल्हापूरच्या! विद्या घरातून घरात जाते तशी ती घराबाहेरही जाते. ती बाहेर गेली म्हणूनच टिकली, असेही पुष्कळदा दिसते.

आज लिहायचे आहे ते मात्र गाण्यावर नव्हे, काचेवर. मोठ्या चर्चमध्ये किंवा मुंबईच्या जुन्या इमारतींत रंगीत काचांच्या चित्रांच्या खिडक्या आपण पाहतो. इंग्रजीत त्यांना स्टेन्ड ग्लास म्हणतात. मराठीत रूढ शब्द नाही. मी आपला 'चित्रकाच' म्हणतो, वाचकांनी चालवून घ्यावे. या चित्रकाचेचीही घराणी असतात. बाप, मुलगा, नातू, कधी जावई, कधी पुतण्या, अशी शंभर-शंभर वर्षे चाललेली. त्या घराण्यांनी काय केले, ती का बुडाली आणि त्यांनी केलेल्या खिडक्यांचे पुढे काय झाले, हा आजचा विषय.

आधी ही खिडकी होते कशी ते पाहू. पुष्कळांची समजूत असते की पांढऱ्या काचेवर रंगाने चित्र काढलेले असते. तसे नाही. बहुतेक रंग काचेच्या अंगातच असतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची भस्मे घालतात. कोबाल्टने निळा रंग येतो, मँगनीजने जांभळा, लोखंडाने हिरवट. तांब्याने येणारा लाल इतका गडद असतो की सबंध काच तशी केली तर ती काळीच दिसेल. म्हणून पांढऱ्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. साईवर केशर पसरावे तसा. मग चित्रकार खिडकीच्या मापाचे पूर्ण चित्र कागदावर काढतो, त्याच्यावरून प्रत्येक रंगाचा तुकडा कापला जातो. चेहरा, बोटे, कपड्यांच्या चुण्या एवढ्याच गोष्टी वर ब्रशने काढतात. त्यासाठी काचेची पूड आणि लोखंडाचे किंवा तांब्याचे भस्म असे मिश्रण असते आणि तुकडे पुन्हा भट्टीत घालून ते पक्के करतात. चौदाव्या शतकाच्या आरंभापासून आणखी एक युक्ती आली. चांदीचा क्षार काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजला की काचेवर पिवळा, सोनेरी डाग उतरतो. 'स्टेन्ड' म्हणजे डाग लागलेली, हे नाव त्यावरून पडले असे म्हणतात.

सगळे तुकडे तयार झाले की त्यांना जोडतात ते शिशाच्या पट्ट्यांनी. ही पट्टी दोन्ही बाजूंना खाच असलेली असते. एका खाचेत एक काच, दुसऱ्या खाचेत शेजारची. पट्ट्या जिथे मिळतात तिथे कथलाने झाळतात, मग जवसाच्या तेलाची लांबी फटींत भरतात, आणि सबंध तक्ता लोखंडी गजांना तारांनी बांधून दगडी कमानीत बसवतात. आपल्याला खालून जी काळी रेषा दिसते ती शिशाची. चित्राची रेषाही तीच आणि चित्राचा सांगाडाही तोच.

आता मुद्द्याची गोष्ट. काच शेकडो वर्षे टिकते, शिसे तेवढे टिकत नाही. शंभर ते दीडशे वर्षांत ते थकते. उन्हाने फुगते, थंडीत आकसते, स्वतःच्या वजनाने खाली बसते. तक्त्याला पोक येते. लांबी सुकून गळते, पाऊस आत येतो, लोखंडी गज गंजून फुगतात आणि दगड व काच दोन्ही तडकवतात. मग सबंध खिडकी उतरवून, तुकडा तुकडा सोडवून, नव्या शिशात पुन्हा बांधावी लागते. म्हणजे चित्रकाचेची खिडकी करणारा माणूस एक काम पुरे करत नाही. आपल्या पणतवाच्या वयाच्या कुणासाठी तो एक काम मागे ठेवून जातो. तो कुणी असणार की नाही, हे त्याला माहीत नसते. या धंद्यात वारस लागतो तो असा.

आपल्याजवळची सर्वांत जुन्यांपैकी एक गोष्ट कुलाब्याची आहे. मुंबईत नोकरीधंद्याला गेलेल्या गोवेकरांपैकी पुष्कळांनी कुलाब्याच्या नेव्ही नगराकडे जाताना उंच टोकदार मनोऱ्याचे एक चर्च पाहिले असेल. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. १८३८ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले. पायाभरणी १८४७ ची, आणि ते १८५८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. आराखडा हेन्री कॉनीबेअर या मुंबईतल्याच अभियंत्याचा. मुंबईतली गॉथिक पद्धतीची परंपरा इथून सुरू झाली असे मानतात. त्याच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांच्या काचा इंग्लंडहून आल्या. त्या करणारा होता न्यूकॅसलचा विल्यम वेल्स.

वेल्सची कथा आपल्याकडच्या एखाद्या उद्योगी माणसाची वाटावी अशी आहे. जन्म १८०८ चा. सुरुवातीला दुकान किराण्याचे आणि चहाचे. पण हाताला कलेची खाज. त्याने दुकानाच्या मागच्या अंगणात छोटी भट्टी घातली आणि मिनाकामाच्या लहान वस्तू भाजून त्या दुकानात विकायला ठेवू लागला. जर्मनीला जाऊन त्याने काचेचे काम पाहिले, शिकले. १८३८ मध्ये स्वतःचा कारखाना काढला, १८४१ पासून तिथे खिडक्या होऊ लागल्या. ऑगस्टस प्युजिन हा त्या काळातला गॉथिक पद्धतीचा मोठा पुरस्कर्ता वास्तुकार, त्याचीही कामे वेल्सने तीनेक वर्षे केली. दहा वर्षांत त्याच्या हाताखाली पाऊणशे माणसे कामाला होती. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या खिडक्या मांडल्या होत्या. ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलची पश्चिमेची प्रचंड खिडकी त्याचीच. इंग्लंडमध्ये गावोगावी नवी चर्चे उठत होती, जुनी दुरुस्त होत होती आणि साम्राज्य जिथे जिथे गेले तिथे तिथे चर्चही जात होते. किराणावाल्याचा कारखाना देशातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जाऊ लागला.

पैसा आला तसे त्याने गेट्सहेड गावाजवळ सॉल्टवेल नावाची मोठी जमीन घेतली आणि बुरुजांचा वाडा बांधला. वाडा पुरा होता होता पैशाची ओढाताण सुरू झाली. शेवटी त्याने ती सगळी मिळकत गावाच्या नगरपालिकेला विकली. १८७६ मध्ये तिथे सार्वजनिक बाग उघडली, ती आजही आहे. विकलेल्या आपल्याच वाड्यात तो भाडेकरू म्हणून राहिला आणि १८८१ मध्ये वारला. कारखान्यात मुलगा आणि जावई स्ट्रँग होते. पाटी 'वेल्स आणि स्ट्रँग' अशी झाली. पहिले महायुद्ध येईतो काम कसेबसे चालले, मग संपले. अंगणातल्या भट्टीपासून मोजले तर ऐंशी-एक वर्षे. दोन पिढ्या.

हिशेब करून पाहा. कुलाब्याच्या काचा बसल्या १८५८ च्या सुमाराला. त्यांचे शिसे थकायची वेळ आली तेव्हा ज्या घराण्याने त्या केल्या ते घराणे उरलेच नव्हते. खिडकी राहिली, वारस गेला.

वेल्सचे एकट्याचे असे झाले असते तर तो नशिबाचा भाग म्हटला असता. पण इतर घराण्यांचीही तीच कथा आहे, फक्त कमी-जास्त लांबीची. लंडनची 'क्लेटन आणि बेल' ही कंपनी १८५५ ची. भरभराटीच्या काळात तिच्याकडे तीनशेच्या आसपास माणसे होती. क्लेटन मागे पडले, बेल कुटुंब राहिले. चार पिढ्या त्यांनी चालवले. चौथ्या पिढीतला मायकेल फरार-बेल १९९३ मध्ये वारला आणि दार बंद झाले. जेम्स पॉवेल हा दारूचा व्यापारी. त्याने १८३४ मध्ये लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळचा जुना काचकारखाना आपल्या मुलांसाठी विकत घेतला. 'जेम्स पॉवेल आणि सन्स' नावाने तो प्रसिद्धीला आला आणि १९८० मध्ये बंद झाला.

टिकलेलेही आहेत. म्युनिकच्या मायर घराण्याने १८४७ मध्ये सुरुवात केली. त्यांच्या खिडक्या जगभरच्या चर्चांत आहेत. आजही तो कारखाना मायर कुटुंबच चालवते. चर्चांची कामे कमी झाली तशी त्यांनी विमानतळ, भुयारी रेल्वेची स्थानके, इस्पितळे अशी नवी कामे धरली आणि आजच्या चित्रकारांच्या चित्रांना काचेत उतरवून देण्याचा धंदा केला. आजोबांची नक्कल करत बसले असते तर तेही गेले असते.

घराण्याचा खरा उपयोग काय, हे पाहायचे तर फ्रान्समधल्या रँस शहराकडे पाहावे. तिथले कॅथीड्रल म्हणजे फ्रान्सच्या राजांच्या राज्याभिषेकाची जागा. तिथे सिमों नावाचे काचकामाचे घराणे आहे आणि ते आपली परंपरा १६४० पासून सांगते. या लोकांचे नित्याचे काम म्हणजे त्या कॅथीड्रलच्या खिडक्यांची डागडुजी. दुरुस्तीसाठी खिडकी उतरवली की तिचे रेखाटन करून ठेवायचे, ही त्यांची शिस्त. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांनी ते कॅथीड्रल पेटवले. मध्ययुगातल्या काचांचा चुरा झाला. युद्ध संपल्यावर जाक सिमों याने त्या उभारायचे काम हाती घेतले तेव्हा त्याच्यापाशी वाडवडिलांनी करून ठेवलेली रेखाटने होती. तुकडा कुठला आणि तो कुठे बसायचा, हे त्या कागदांवरून कळले. पुढे त्याची मुलगी ब्रिजित आणि जावई शार्ल मार्क यांनी मार्क शागाल या थोर चित्रकाराच्या चित्रांना काचेत उतरवले. जेरुसलेमच्या इस्पितळातल्या १९६२ च्या बारा खिडक्या त्यांतल्याच, आणि रँसच्याच कॅथीड्रलमध्ये १९७४ मध्ये शागालच्या खिडक्या बसल्या.

वाडवडिलांची कागदपत्रे जपायची म्हणजे काय, हे आपल्याला कळते. आपल्याकडे पंचांगे, वह्या, बाडे पेटीत बांधून ठेवलेली असतात. पण पुष्कळदा ती पुजण्यापुरती असतात. सिमोंच्या घरात ती वापरायची होती. घराण्याची मालमत्ता म्हणजे भट्टी नव्हे, जागा नव्हे. ती ही आठवण. कोणती काच कुठून घेतली, कोणता रंग किती वेळ भाजला, कोणत्या खिडकीला मागे कधी हात लावला, याची.

पण याच्याच उलट बाजूही आहे. जी आठवण फक्त घरात असते ती घराबरोबर जळते. आपल्याकडचे वैद्य औषधाचे गुण शेवटच्या घटकेपर्यंत मुलालाही सांगत नसत, आणि मग ते औषधच जाई, अशा गोष्टी आपण ऐकल्या आहेत. काचेच्या बाबतीत हे सबंध युरोपभर घडले. बाराव्या शतकाच्या सुमाराला थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका साधूने काच कशी करावी, रंगवावी, शिशात कशी बांधावी हे पुस्तकात लिहून ठेवले होते. पुढे धर्माची भांडणे झाली, चित्रे फोडली गेली, मागणी आटली. सतराव्या-अठराव्या शतकांत जुन्या पद्धतीची काच करणारे हात जवळजवळ नाहीसे झाले. एकोणिसाव्या शतकात पुन्हा मागणी आली तेव्हा जुन्या काचेसारखी झळाळी नव्या काचेला येईना. नवी काच फार स्वच्छ, फार सपाट. उजेड तिच्यातून थेट निघून जाई.

ती जुनी काच परत मिळवून दिली ती कुठल्या घराण्याच्या वारसाने नव्हे. चार्ल्स विन्स्टन हा लंडनमधला वकील. जुन्या खिडक्या पाहत हिंडण्याचा त्याला नाद. त्याने मध्ययुगीन काचेच्या तुकड्यांचे रासायनिक पृथक्करण करवून घेतले आणि त्यावरून पॉवेलच्या कारखान्याने १८५० च्या दशकात तशी काच पुन्हा करून दाखवली. वकिलाचा नाद आणि पॉवेल कुटुंबाची भट्टी, दोन्ही होती म्हणून ते जमले.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत इतक्या चित्रकाचा बसल्या तरी इथे चित्रकाचेचे घराणे का उभे राहिले नाही? कारण सोपे आहे. खिडक्या तयार होऊन लाकडी पेट्यांतून बोटीने आल्या. इथल्या गवंड्याने त्या कमानीत बसवल्या. दगड इथला, चुना इथला, कमान घडवणारे हात इथले. काचेचे रहस्य मात्र पेटीबरोबर आले नाही. मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी दगडात पाने-फुले, पशुपक्षी कोरायला शिकले आणि बोरीबंदराच्या भिंतींवर त्यांनी आपला हात उमटवला. काचेच्या बाबतीत तसे झाले असते तर आज आपल्याकडेही चार-पाच पिढ्यांचे काचकार असते.

मराठी माणसाने काचेला हात घातला तो नंतर, आणि वेगळ्याच कारणाने. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी घरटी पैसा पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. तिथे माल करण्याइतकेच महत्त्व माणसे शिकवण्याला होते. पुढे ओगले बंधूंनी १९१६ मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत, कऱ्हाडजवळ, 'ओगले ग्लास वर्क्स' काढला. त्या गावाचे नावच ओगलेवाडी पडले. त्यांचा 'प्रभाकर' कंदील वडिलांच्या नावाचा. वीज नसलेल्या काळात तो किती घरांत मिणमिणला असेल! हे खरे मराठी काचेचे घराणे. त्यांनी चर्चच्या खिडक्या केल्या नाहीत, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला खिडकी नको होती, रात्रीचा उजेड हवा होता. वीज आली, कंदील गेला, आणि तो कारखानाही गेला.

गिऱ्हाईक हा शब्द मुद्दाम वापरला. घराणे टिकते ते केवळ मुलाने बापाचे ऐकले म्हणून नव्हे, दारात कामाचे माणूस येत राहिले म्हणून. याचे चांगले उदाहरण मराठी मुलुखाच्या अगदी कडेला आहे. यवतमाळ जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. नदीकाठी भीमपूर आहे. टिपेश्वरच्या जंगलातले वाघ नदी ओलांडून त्या बाजूला जातात, माणसांना कोण अडवणार? त्या पट्ट्यात मराठी, तेलुगू आणि गोंडी शेजारी नांदतात. त्या भागातल्या ओझा कुटुंबांकडे पितळ ओतण्याची विद्या आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून नक्षी करायची, वर मातीचा लेप द्यायचा, भाजताना मेण वाहून जाते आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ जाते. प्रत्येक साचा एकदाच. गोंडांच्या देवांच्या मूर्ती, घंटा, दिवे, दागिने हे लोक करत आले. गोंडांचे देव होते म्हणून ओझा होते. ही कला 'आदिलाबाद डोकरा' या नावाने २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनाच्या यादीत गेली. मानांकनाने नाव राखले जाते हे चांगलेच, पण मेणाचा धागा वळायला दहा वर्षांचे पोर बसते की नाही, हे यादीवरून ठरत नाही. ते गिऱ्हाइकावरून ठरते.

हे सगळे आपल्या गोव्यात कुठे लागू होते? आपल्याकडच्या जुन्या खिडक्यांना काच नव्हतीच. होती ती शिंपल्यांची तावदाने. चपट्या, जवळजवळ पारदर्शक शिंपल्यांचे चौकोन कापायचे आणि ते बारीक लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचे. जुन्या गोव्याच्या चर्चांत, जुन्या वाड्यांत अजून ती दिसतात. काच महाग आणि दूरची, शिंपली आपल्याच खाड्यांतली. उजेड येई तो गाळून, दुधासारखा. उन्हाची तिरीप डोळ्यांत जात नसे. विचार केला तर तीही चित्रकाचेचीच भावंडे. तिकडे शिशाची खाच, इकडे लाकडाची. तिकडे काचेचा तुकडा, इकडे समुद्राने घडवलेला. एक शिंपली फुटली तर ती काढून दुसरी सरकवता येई आणि तेवढे काम जाणणारा सुतार गावात असे.

मग स्वस्त काच आली, शिंपल्या गेल्या. चिखलीच्या खाडीत हा शिंपला अजून आहे. २००१ मध्ये तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत गेला, आणि तसे करणे योग्यच होते. पण त्याचा अर्थ असा की जुन्या तावदानाला नवी शिंपली सहजासहजी मिळणार नाही, आणि ती बसवणारे हातही आता मोजकेच. म्हणजे वेल्सच्या खिडकीसारखीच आपली खिडकीही बिनवारस होण्याच्या बेतात आहे. फरक एवढाच की कुलाब्याची खिडकी परक्याची होती, ही आपली.

पण निराश होऊन थांबावे असे मला वाटत नाही, कारण मुंबईतच याचे उत्तर सापडते. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा या इमारतींचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी मुंबई कधी पाहिली नाही. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. काम १८६९ ला सुरू होऊन १८७८ ला संपले. उंची दोनशे ऐंशी फूट. तिथल्या चित्रकाचा म्हणजे भारतातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक. सव्वाशे वर्षांच्या पावसाने, खाऱ्या वाऱ्याने आणि धुराने त्यांची दशा व्हायची ती झाली. २०१३ ते २०१५ या काळात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या देणगीतून त्या इमारतीचा जीर्णोद्धार झाला आणि २०१८ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. तिथल्या काचांचे काम स्वाती चंदगडकर यांनी केले. आडनाव वाचून गोवेकराला तिळारीपलीकडचे चंदगड आठवल्यावाचून राहणार नाही!

असे काम कसे करतात ते ऐकण्यासारखे आहे. आधी तक्त्यावर कागद ठेवून शिशाच्या रेषा घासून उठवून घेतात. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसे. छायाचित्रे घेतात, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात. मग जुने शिसे सोडवायचे, काच धुवायची, तीही जपून, नाहीतर वर काढलेला चेहराच पुसला जातो. तडकलेले तुकडे चिकटवायचे, हरवलेल्यांच्या जागी जुळता रंग शोधायचा. नव्या शिशात बांधायचे, झाळायचे, लांबी भरायची आणि पुन्हा कमानीत चढवायचे. यात इतर कशापेक्षा धीर जास्त लागतो.

ज्यांनी मुळात त्या काचा केल्या त्यांच्याशी या बाईंचे नाते काय? रक्ताचे नाही, देशाचे नाही. मोगूबाईंचे अल्लादिया खाँसाहेबांशी जे होते तेच. विद्या घेतली, हात तयार केला. बोटीतून पेट्या आल्या तेव्हा जी विद्या मागे राहिली होती ती दीडशे वर्षांनी का होईना इथे पोचली, आणि मूळ करणाऱ्यांपैकी कुणी उरले नसतानाही खिडक्यांना वारस मिळाला.

मला वाटते, घराणे या गोष्टीकडे आपण थोडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. घराण्याने तीन गोष्टी केल्या तर ते बुडाले तरी विद्या बुडत नाही. एक, करतो ते लिहून, काढून ठेवणे. सिमों लोकांनी केले तसे. दुसरी, काळाचे गिऱ्हाईक ओळखणे, मायरांसारखे. आणि तिसरी, जी सर्वांत अवघड, ती म्हणजे घराबाहेरच्या शिष्याला दार उघडणे. आपल्या मुलाला रस नसेल तर शेजारच्या मुलीला शिकवणे. आपल्याकडे जातीच्या आणि कुळाच्या भिंतींनी या तिसऱ्या गोष्टीचे फार नुकसान केले आहे. सुताराचाच मुलगा सुतार व्हावा आणि तो शिकून दुबईला गेला की कलाच संपावी, हे आपण नशीब म्हणून सोडून देतो. ते नशीब नव्हे.

म्हणून गोव्यातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, मामाच्या घरी, गावच्या चर्चमध्ये किंवा देवळाच्या अग्रशाळेत शिंपल्यांची तावदाने असतील, दारावरच्या कमानीत जुन्या रंगीत काचा असतील, तर घराची डागडुजी करताना त्या भंगारात देऊ नका. आधी त्यांची छायाचित्रे घ्या, मापे लिहा. फुटक्या खिडकीतल्या धड शिंपल्या वेगळ्या काढून ठेवा, दुसऱ्या खिडकीला त्या उपयोगी पडतील. आणि गावात ते काम जाणणारा एखादा म्हातारा सुतार असेल तर त्याला एकट्याला बोलावू नका. सोबत एखादा तरुण पोरगा किंवा पोरगी बसवा. दिवसाची मजुरी दोघांचीही द्या. खर्च थोडा वाढेल, पण पुढची दुरुस्ती करणारे माणूस त्या दिवशी तयार होऊ लागेल.